गोव्याचं ऊर्जा संक्रमण मोजायचं तर आधी हद्द ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. निती आयोगाने एप्रिल 2022 मध्ये राज्य ऊर्जा आणि हवामान निर्देशांक प्रसिद्ध केला, त्यात लहान राज्यांमध्ये गोवा पहिला आला. पण गोव्यात वापरली जाणारी वीज तर मुख्यतः छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातल्या कोळशावर तयार होते. मग हा पहिला क्रमांक नेमका कशाचा? आणि पदव्युत्तर प्रबंधासाठी देशातल्या राज्यांचं ऊर्जा संक्रमण, म्हणजे कोळसा-तेलाकडून स्वच्छ ऊर्जेकडे जाणं, मोजून त्याची कारणं शोधायची असतील, तर एन्ट्रॉपी या सांख्यिकी पद्धतीने भारांक (कुठल्या निकषाला किती महत्त्व) काढावेत, क्रमवारी लावावी आणि मग रिग्रेशन (कुठल्या घटकाचा किती परिणाम, हे काढणारं गणित) चालवावं, हा मार्ग बरोबर आहे का?

वीजखरेदी आणि वीजमागणीचे अंदाज बांधण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्या अनुभवावरून सांगतो. क्रमवारी जरूर लावा, पण सगळ्यात शेवटी. त्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: राज्याच्या हद्दीत जे घडतं ते मोजायचं, की राज्यातली माणसं जे वापरतात ते? महाराष्ट्र किंवा तामिळनाडूसारख्या मोठ्या राज्यात या दोन उत्तरांत फरक पडतो, पण तो सांभाळता येतो. गोव्यात मात्र या एका निर्णयाने सगळं चित्र उलटं होतं. म्हणूनच गोव्यातून हा विषय शिकणं मला मोलाचं वाटतं. इथे पद्धतीतली चूक लपत नाही.

आधी पहिल्या क्रमांकाबद्दल. त्या निर्देशांकात सहा घटक आणि 27 निकष होते. वीज वितरणाच्या कामगिरीला 40 टक्के भार होता, तर स्वच्छ ऊर्जेच्या उपक्रमांना 15 टक्के. गोव्यात वितरण कंपनी नाही, सरकारचं वीज खातंच घरोघर वीज पोचवतं. राज्य लहान आहे, घरं मीटरवर आहेत आणि महाराष्ट्र किंवा पंजाबसारखा शेतीपंपांच्या सवलतीचा डोंगर इथे नाही. अशा व्यवस्थेला वितरणात चांगले गुण मिळणं स्वाभाविक आहे. गोव्याला 51.4 गुण मिळाले. मोठ्या राज्यांत पहिल्या आलेल्या गुजरातला 50.1. कच्छपासून सौराष्ट्रापर्यंत पवनचक्क्या आणि सौर पटल पसरलेलं राज्य गोव्याच्या मागे, हे वाचून गोंधळ होणारच. पण निर्देशांक खोटं बोलत नाही. वीजव्यवस्था किती नीट चालते, हा प्रश्न त्यात सर्वांत जड आहे आणि उत्तरही त्याच प्रश्नाचं आहे. तुम्हाला विचारायचा आहे तो प्रश्न वेगळा: इंधन बदलतंय का, किती वेगाने, आणि कुणामुळे? दोन प्रश्नांचं उत्तर एकाच आकड्यात शोधलं की वाद सुरू होतात.

आता हद्दीकडे येऊ. गोव्याची कमाल मागणी सुमारे 700 मेगावॅटच्या घरात आहे आणि ती भागवणारं मोठं वीजकेंद्र राज्यात नाही. वीज येते ती केंद्रीय प्रकल्पांतल्या वाट्यातून: छत्तीसगडातलं कोरबा आणि सिपत, मध्य प्रदेशात सिंगरौलीजवळचं विंध्याचल, दक्षिणेकडून रामागुंडम, शिवाय काक्रापार आणि तारापूरचा अणुवीजेचा थोडा हिस्सा. संकवाळला नाफ्थावर चालणारा 48 मेगावॅटचा एक प्रकल्प होता, त्याच्याशी असलेला खरेदीकरारही मागेच संपला. म्हणजे हद्दीतल्या उत्पादनावर हिशोब केला, तर छपरांवरचे सौर पटल, साळगावच्या कचरा प्रकल्पातली बायोगॅसची वीज आणि अशाच लहानसहान गोष्टी उरतात. कागदावर गोवा जवळजवळ निर्मळ दिसतो. वापराच्या बाजूने हिशोब केला, तर पणजीतल्या एखाद्या कार्यालयात दुपारी चालणाऱ्या वातानुकूलन यंत्रामागे सिंगरौलीच्या कोळशाचा धूर आहे. तिथल्या लोकांच्या फुप्फुसांत जाणारी राख कोणाच्या खात्यावर लिहायची, हा आकडेमोडीइतकाच न्यायाचाही प्रश्न आहे, आणि तो प्रबंधात टाळू नये असं मला मनापासून वाटतं.

हेच मुरगाव बंदरातल्या कोळशाचं. वास्कोच्या लोकांच्या खिडक्यांवर काळी धूळ बसते, पण तो कोळसा बव्हंशी कर्नाटकातल्या पोलाद उद्योगाकडे जातो. आयातीचे आकडे बंदरनिहाय घेऊन ते राज्याच्या ऊर्जावापरात मिसळले, तर गोव्याचा दरडोई कोळसा अवाच्या सवा फुगेल. त्रास गोव्यातला, वापर बाहेरचा. त्यामुळे धुळीचा हिशोब आरोग्याच्या तक्त्यात ठेवा, कोळशाचा कर्नाटकाच्या.

पेट्रोलचं उदाहरण तर मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगतो. एप्रिल 2012 मध्ये गोवा सरकारने पेट्रोलवरचा मूल्यवर्धित कर जवळजवळ काढून टाकला आणि लिटरमागे सुमारे 11 रुपयांनी भाव उतरला. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गाकडच्या गाड्या टाकी भरायला पत्रादेवीच्या सीमानाक्याच्या या बाजूला येऊ लागल्या. राज्यवार इंधनाचे जे आकडे आपल्याला मिळतात ते विक्रीचे असतात, वापराचे नसतात. ही नोंद माहीत नसलेला अभ्यासक त्या वर्षाची उडी पाहून म्हणेल की गोव्यातली वाहतूक एकदम वाढली. मग तो त्या उडीसाठी दरडोई उत्पन्नाला किंवा शहरीकरणाला जबाबदार धरेल, आणि त्याचं रिग्रेशन त्याला दुजोराही देईल! सीमेपलीकडचा करातला फरक हे चल (बदलणारा घटक) तुमच्या समीकरणात असलंच पाहिजे.

कोकण रेल्वेची गोष्ट याच्या उलट दिशेची. रोहा ते ठोकूर या सुमारे 740 किलोमीटरच्या मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण होऊन जून 2022 मध्ये ते राष्ट्राला अर्पण झालं. पेडण्यापासून काणकोणपर्यंत डिझेल इंजिनांची जागा विजेने घेतली. गोव्याच्या भूमीवर गेल्या दशकात झालेल्या सर्वांत ठोस इंधनबदलांपैकी हा एक आहे. पण राज्याच्या ऊर्जा आकडेवारीत त्याची खूण शोधायला गेलात तर हाती फार काही लागणार नाही, कारण रेल्वेचं डिझेल राज्यवार धोरणाच्या चौकटीत कधी बसलंच नव्हतं. निर्णय केंद्राचा, लाभ किनारपट्टीचा, आणि नोंद तिसरीकडे.

दरडोई आकड्यांबाबत इशारा देऊन ठेवतो. 2011 च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या 14.58 लाख होती. वर्षाला येणारे पर्यटक याच्या कितीतरी पट, आणि नोंदणी झालेली वाहनं लोकसंख्येच्या बरोबरीला आलेली. कळंगुट-कांदोळीच्या हॉटेलांतली वीज सत्तरीतल्या घरांच्या डोक्यावर वाटली की गोव्याचा दरडोई वापर देशात वरच्या पंक्तीत जाऊन बसतो. शक्य असेल तर पर्यटकांच्या मुक्कामाच्या रात्री लोकसंख्येत मिळवून भाजक दुरुस्त करा. ते जमलं नाही तर घरगुती वापर वेगळा काढून फक्त त्याचीच राज्याराज्यांत तुलना करा.

हद्द ठरली की काय मोजायचं ते ठरवावं लागतं. इथे तीन गल्लती नेहमी होतात. पहिली म्हणजे क्षमता आणि ऊर्जा एकच समजणं. 2025 च्या मध्यावर भारताच्या स्थापित वीजक्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला, ही मोठी गोष्ट आहे. पण प्रत्यक्ष तयार झालेल्या युनिटांत त्यांचा वाटा साधारण चौथाईच भरतो, कारण सौर पटल रात्री झोपतात आणि कोळशाची भट्टी चालूच असते. राज्यांची तुलना मेगावॅटवर केली तर राजस्थान भलतंच पुढे दिसेल. युनिटांवर केली तर अंतर कमी होईल. नेहमी युनिटं घ्या.

दुसरी गल्लत म्हणजे वीज हीच सगळी ऊर्जा समजणं. गोव्यात स्वयंपाकाचा गॅस, दुचाक्या, मच्छीमार ट्रॉलरचं डिझेल, कुंडईच्या बाजूचे धातुउद्योग, हॉटेलांचे बॉयलर हे सगळं धरलं तर विजेचा हिस्सा अर्ध्याहून बराच कमी निघेल. संक्रमण म्हणजे विजेचं निर्मळ होणं आणि बाकीच्या कामांचं विजेवर येणं, असे दोन प्रवाह. ते वेगवेगळे मोजावेत. विजेवरच्या स्कूटरचंच घ्या. आपल्या जाळ्यातल्या एका युनिटामागे सरासरी सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. स्कूटर 100 किलोमीटरला साधारण 3 युनिटं घेते असं धरलं, तर झाले 2.1 किलो. पेट्रोलची स्कूटर तेवढ्या अंतराला दोन लिटरच्या आसपास पिते, आणि लिटरमागे 2.3 किलो धरले तर 4.6 किलो. म्हणजे कोळशाच्या विजेवरही उत्सर्जन निम्म्यावर आलं. चारचाकीत हा फायदा इतका मोठा नाही, पाव-एक कमी होतं इतकंच. त्यामुळे 'कोळशाच्या विजेवर गाडी चालवून काय उपयोग' हा आक्षेप दुचाक्यांच्या गोव्यात टिकत नाही, हे मी ठामपणे सांगेन.

तिसरी गल्लत वेळेची. वीज खात्याने राजस्थानातल्या सौर प्रकल्पाशी करार केला की वर्षाच्या हिशोबात ती युनिटं हिरवी धरली जातात. पण एप्रिल-मे महिन्यांत उकाड्याच्या रात्री नऊ वाजता म्हापशातले वातानुकूलक चालतात ते कशावर? वर्षाची बेरीज जुळते, तासांची जुळत नाही. राज्याने 2050 पर्यंत शंभर टक्के अक्षय ऊर्जेचं उद्दिष्ट जाहीर केलं आहे. ते वर्षाच्या बेरजेत गाठायचं की तासातासाला, यावर साठवणुकीचा सगळा खर्च अवलंबून राहील. म्हणून माझा आग्रह असा की निदान दिवस, संध्याकाळ आणि रात्र असे तीन भाग करून वाटा काढा.

आता तुमच्या एन्ट्रॉपी पद्धतीकडे येतो. त्यात ज्या निकषावर राज्यांमध्ये सर्वाधिक विखुरलेपणा असतो, त्याला आपोआप सर्वाधिक भार मिळतो. माणसाच्या आवडीनिवडीपासून सुटका, म्हणून ती लोकप्रिय झाली. चीनच्या प्रांतांवरचे अभ्यास बहुधा याच वाटेने जातात. पण भारतात विखुरलेपणा कशात आहे पाहा. दरडोई पवनक्षमता: तामिळनाडू, गुजरात, कर्नाटक वर, गोव्यासकट निम्मा देश शून्यावर. दरडोई जलविद्युत: सिक्कीम आणि हिमाचल आभाळात, बाकीचे जमिनीवर. पद्धत म्हणेल, हेच निकष सर्वांत माहितीपूर्ण. म्हणजे सर्वाधिक भार वाऱ्याला आणि डोंगरउताराला मिळाला, माणसांच्या प्रयत्नाला नाही. असा निर्देशांक भूगोलाच्या पेपरचे गुण ऊर्जाधोरणाच्या गुणपत्रिकेत लिहितो. त्यात भर म्हणजे किमान-कमाल पद्धतीने आकडे शून्य ते एकमध्ये बसवताना एखादं सिक्कीम कमाल ठरतं, आणि उरलेली सगळी राज्यं तळाशी दाटीवाटीने बसतात. त्यांच्यातला खरा फरक दिसेनासा होतो.

यावर माझा उपाय असा. प्रत्येक राज्याची कामगिरी त्याच्या स्वतःच्या शक्यतेशी ताडून पाहा. गोव्यासाठी विचारा: छपरांवर जितकं बसू शकतं त्यातलं किती बसलं? अक्षय ऊर्जा खरेदीच्या सरकारी बंधनातलं किती प्रत्यक्ष हिरव्या विजेने पुरं केलं आणि किती नुसती अक्षय ऊर्जेची प्रमाणपत्रं विकत घेऊन? नव्या दुचाक्यांत विजेवरच्या किती? शक्यतेचे अंदाज कच्चे असतात, मान्य. पण कच्च्या अंदाजाने योग्य प्रश्न विचारणं हे पक्क्या आकड्याने चुकीचा प्रश्न विचारण्यापेक्षा बरं. आणि भारांक कुठल्याही पद्धतीने काढा. समान भार, तज्ज्ञांचा भार आणि एन्ट्रॉपीचा भार अशा तिन्हींनी क्रमवारी लावून एखादं राज्य किती जागा हलतं ते छापा. आठ-दहा जागा हलणाऱ्या राज्याबद्दल ठाम विधान करू नका.

राज्याराज्यांतली दरी मोजायला थील किंवा डॅगमचा गिनी ही विषमतेची मापं वापरा. डॅगमचा फायदा असा की दरी प्रदेशाच्या आत किती आणि दोन प्रदेशांच्या मधली किती, हे वेगळं निघतं. यावर फार शाई खर्च करायची गरज नाही, संगणकावर तासाभराचं काम आहे. मोरानच्या निर्देशांकाबद्दल मात्र थांबायला हवं. शेजारी राज्यांचा एकमेकांवर परिणाम होतो का, हे तो तपासतो, आणि शेजारी म्हणजे ज्यांची सीमा लागून आहे ते, असं सरसकट धरलं जातं. गोव्याचे असे शेजारी दोनच, महाराष्ट्र आणि कर्नाटक. पण विजेच्या दृष्टीने गोव्याचा खरा शेजारी कोरबा आहे, आणि उद्या बिकानेर असेल. 31 डिसेंबर 2013 ला दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाशी जोडलं गेलं, त्या दिवसापासून वीजबाजारात नकाशावरची सीमा दुय्यम झाली. त्यामुळे कोण कोणाचा किती शेजारी हे सांगणारा वजनाचा तक्ता सीमेवरून न बनवता वीजखरेदीच्या करारांवरून बनवा. पेट्रोलसाठी मात्र सीमेचाच तक्ता ठेवा, पत्रादेवीची गोष्ट आठवून.

कारणांकडे वळताना पहिलं काम विघटनाचं. उत्सर्जनातला बदल लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, उत्पन्नामागची ऊर्जा आणि ऊर्जेतलं कार्बनचं प्रमाण अशा तुकड्यांत वाटायचा. जपानी अर्थतज्ज्ञ काया यांच्या नावाने हे समीकरण ओळखलं जातं, आणि लॉगरिदमिक मीन डिव्हिजिया या गणिती पद्धतीने ते शिल्लक न उरवता वाटता येतं. गोव्याच्या बाबतीत त्यात उत्पन्नाची रचना, म्हणजे उत्पन्न कुठल्या धंद्यातून किती येतं, हा तुकडा घातलाच पाहिजे, कारण इथे खाणी आहेत.

सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवलं, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. नंतर मर्यादा घालून ते पुन्हा सुरू झालं. फेब्रुवारी 2018 मध्ये न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यावर खाणी पुन्हा बंद पडल्या. डिचोली, साखळी, कुडचडे, सांगे या पट्ट्यातले हजारो ट्रक दारात उभे राहिले, मांडवी-जुवारीतल्या बार्जी थांबल्या. डिझेलचा खप घसरला. रचनेचा तुकडा न घालता हिशोब केला तर ही घसरण ऊर्जा-कार्यक्षमतेच्या खात्यात जमा होईल आणि प्रबंधात लिहिलं जाईल की गोव्याने कार्यक्षमता सुधारली. ज्या घरात ट्रकचा हप्ता थकला होता, त्या घरातल्या माणसाला हे वाक्य वाचून दाखवायची हिंमत आपल्यात आहे का? काम बंद पडल्यामुळे इंधन वाचलं तर त्याला संक्रमण म्हणू नये. 2020 च्या टाळेबंदीतल्या रिकाम्या हॉटेलांबाबतही हेच. खाणबंदीची आणि टाळेबंदीची वर्षं तक्त्यात वेगळी रंगवा.

विघटन काय बदललं ते सांगतं, का बदललं ते नाही. तिथे लोक पॅनेल रिग्रेशनकडे, म्हणजे अनेक राज्यांचे अनेक वर्षांचे आकडे एकत्र घेऊन केलेल्या रिग्रेशनकडे, वळतात. करा, पण त्याच्या मर्यादा ओळखून करा. 28 राज्यं आणि 8 केंद्रशासित प्रदेश, हातात दहा-पंधरा वर्षांची बरी आकडेवारी, त्यात 2014 ला तेलंगणा वेगळं झालं आणि 2019 ला जम्मू-काश्मीरची रचना बदलली. एवढ्या पुंजीवर दहा-बारा चलं टाकून प्रत्येकाचा परिणाम सांगणं धाडसाचं आहे. शिवाय कारण-परिणामाचा गुंता. श्रीमंत राज्यं सौर पटल बसवतात, की वीज स्वस्त झाल्याने उद्योग येऊन राज्यं श्रीमंत होतात? देशपातळीचं रिग्रेशन सरासरी सांगेल. गोव्यासारख्या लहान राज्यात एक न्यायालयीन निकाल किंवा एक वाहिनी सगळी रेषा वाकवते, म्हणून इथे घटनाक्रम तपासत जाणं जास्त फळ देतं. मी केलेल्या कामातून मला गोव्यात चार कारणं दिसतात, आणि त्यांचं वजन सारखं नाही.

सर्वांत जड कारण गोव्याबाहेर ठरतं. मे 2017 मध्ये राजस्थानातल्या भाडल्याच्या लिलावात सौर विजेचा दर युनिटला 2.44 रुपयांवर आला, डिसेंबर 2020 मध्ये गुजरातच्या लिलावात 1.99 वर. त्यावर आंतरराज्य पारेषण शुल्काची माफी होती, जून 2025 पर्यंत सुरू झालेल्या सौर-पवन प्रकल्पांना. म्हणजे वाळवंटातली वीज गोव्यात आणायला वाहतूक जवळजवळ फुकट. यासोबत अक्षय ऊर्जेच्या खरेदीचं बंधन: 2024-25 साठी 29.91 टक्के, आणि चढत 2029-30 ला 43.33 टक्के. गोव्याच्या वापरातला हिरवा वाटा वाढतो आहे तो मुख्यतः या तीन गोष्टींमुळे. यात गोव्याचं कर्तृत्व म्हणजे वेळेवर करार करणं. ते कमी लेखू नये, पण त्याला गोव्याची ऊर्जाक्रांतीही म्हणू नये.

दुसरं कारण तारांचं. बाहेरून वीज आणायची तर वाहिनी हवी. छत्तीसगडातल्या तमनारच्या नावाने ओळखली जाणारी, कर्नाटकातून येणारी 400 केव्हीची वाहिनी आणि सांगोडचं उपकेंद्र यासाठी मोल्याच्या जंगलाजवळ झाडं पडायला लागली, तेव्हा 2020 मध्ये 'आमचें मोलें' ही चळवळ उभी राहिली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल 2021 च्या अहवालात जंगलातून नवा पट्टा काढण्याऐवजी अस्तित्वात असलेल्या 220 केव्हीच्या वाहिनीचाच मार्ग वापरावा असं सुचवलं, आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते स्वीकारलं. माझ्या व्यवसायातल्या अनेकांना ही चळवळ अडथळा वाटली. मला वाटत नाही. हिरवी वीज आणण्यासाठी भगवान महावीर अभयारण्याचं रान कापायचं, हा व्यवहार कोणत्याही निर्देशांकात बसला तरी माझ्या मनात बसत नाही. पण विलंबाची किंमतही प्रामाणिकपणे मोजायला हवी. वाहिनी अपुरी असली की उन्हाळ्यात भारनियमन करावं लागतं आणि महाग वीज घ्यावी लागते. प्रबंधात दोन्ही बाजूंचे आकडे एकाच पानावर मांडा.

तिसरं कारण मला सर्वांत जिव्हाळ्याचं, आणि ते कुठल्याच राष्ट्रीय निर्देशांकात नाही: गोव्याची घरं. छपरावरच्या सौर ऊर्जेसाठी फेब्रुवारी 2024 पासून केंद्राची पीएम सूर्यघर योजना आहे, 3 किलोवॅटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान. गोव्यात उत्पन्न बरं, घर स्वतःचं, ऊनही चांगलं. मग प्रत्येक छपरावर पटल का नाही? फोंडा किंवा केपे तालुक्यातल्या कुठल्याही वाड्यावर जाऊन पाहा. घर कौलारू, उताराचं, शंभर वर्षांचं. वाशांवर जादा वजन टाकायला सुतार तयार नाही. बाजूला माड आणि फणस, दुपारी तीननंतर सावली. वीजमीटर अजून आजोबांच्या नावावर. आजोबांच्या पश्चात वाटणी झालेली नाही, इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसावाटणीचा, खटला वर्षानुवर्षं पडून, सहहिस्सेदारांपैकी एक लंडनला, एक दुबईत. जागा कोमुनिदादीची, म्हणजे गावाच्या सामूहिक जमीनसंस्थेची, असेल तर आणखी एक दाखला. छपरावरची जादा वीज जाळ्यात देऊन बिलातून वजा करणाऱ्या नेट मीटरचा अर्ज करायचा तर जोडणी आपल्या नावावर हवी, आणि तिथेच गाडी अडते. 2011 च्या जनगणनेत गोव्यातलं पाचातलं एक घर बंद नोंदलं गेलं होतं. बंद घराला सौर पटलाचं काय करायचं? त्यात पावसाचे चार महिने उत्पादन घटतं ते वेगळंच.

शिवाय दर. घरगुती ग्राहकाला पहिली 100 युनिटं दोन रुपयांच्या आसपास मिळतात. समजा 3 किलोवॅटची यंत्रणा अनुदान वजा जाता सव्वा लाखाला पडली आणि वर्षाला 3,600 युनिटं देते. युनिटामागे अडीच रुपये वाचत असतील तर वर्षाला 9,000, म्हणजे पैसे फिटायला चौदा वर्षं. पाच रुपये वाचत असतील तर सात. म्हणजे ज्याचं बिल मोठं त्यालाच परवडतं. स्वस्त वीज ही गरिबाला दिलासा आहे आणि छपरावरच्या सौर ऊर्जेची अडचणही, आणि या पेचावर दर न वाढवता तोडगा काढायचा तर लहान ग्राहकांसाठी सामूहिक प्रकल्प हा रस्ता मला सर्वांत रास्त वाटतो: पंचायतीच्या किंवा शाळेच्या सपाट छपरावर पटल, आणि युनिटांची वजावट वाड्यातल्या घरांच्या बिलांत. असं झालं तर कौलाची, सावलीची आणि आजोबांच्या नावाची अडचण एकदम मागे पडते.

चौथं कारण वाहनांचं. 2021 मध्ये राज्याचं विद्युत वाहन धोरण आलं. जुलै 2023 मध्ये गोव्यात जी-20 च्या ऊर्जा गटाची बैठक झाली, त्याच सुमारास नवी पर्यटक वाहनं विजेवरचीच असतील अशी घोषणाही झाली. घोषणेची तारीख चल म्हणून वापरू नका. नोंदणीच्या आकड्यांत भाड्याच्या दुचाक्यांतला विजेचा वाटा महिन्यागणिक काढा. धोरणाचा परिणाम त्या रेषेच्या वळणात दिसला तर दिसला.

कामाला कुठून लागायचं ते सांगतो. गोवा आणि केंद्रशासित प्रदेशांसाठीच्या संयुक्त वीज नियामक आयोगाचे दरनिश्चितीचे आदेश वाचायला घ्या. त्यांत कुठल्या केंद्रातून किती युनिटं आली याचा तक्ता असतो. त्यावरून वापराच्या बाजूचा हिशोब उभा राहतो. मग दोनच तालुके निवडा, बार्देश आणि सत्तरी. माहिती अधिकारात त्यांच्या वीज उपविभागांकडून नेट मीटरच्या अर्जांची यादी मागा, ग्राहकांची नावं वगळून: अर्ज कधी आला, जोडणी कधी झाली, परत पाठवला असेल तर कुठल्या कागदासाठी. हा शेवटचा रकाना मागायला विसरू नका. तो मिळाला तर राज्यवार रिग्रेशनचं प्रकरण तुम्ही परिशिष्टात टाकलंत तरी चालेल.